पहिला मिररलेस कॅमेरा: वाढत्या अंगाचा घ्यावा की मापाचा?

कवडसा:
पाच वर्षं फोनवर फोटो काढले, आता मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचं ठरवलंय. कॅनन आर५०, निकॉन झेड५० टू आणि सोनी ए६४०० या तिघांवर येऊन अडलोय. माझं मत असं की बॉडीपेक्षा (नुसत्या कॅमेऱ्यापेक्षा) माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची जागा, बघावा. बॉडी बदलते, लेन्स राहतात. या तिघांचे माउंट त्या त्या कंपनीच्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यांनाही तेच आहेत, त्यामुळे पुढची वाट मोकळी राहते. पटत नसेल तर खुशाल खोडून काढा.

दगडी_चाल:
वाट मोकळी आहे हो, पण जाताना सामान टाकत जावं लागतं त्याचं काय? क्रॉप सेन्सरसाठी, म्हणजे या तिघांत असतो त्या लहान सेन्सरसाठी बनवलेली लेन्स फुल फ्रेमवर बसते, पण तिचं प्रकाशाचं वर्तुळ लहान, म्हणून कॅमेरा सेन्सरचा मधलाच तुकडा वापरतो. २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात. म्हणजे बॉडीबरोबर लेन्सही बदला. शेवटी फुल फ्रेमच घ्यायचा असेल तर आत्ताच घ्या. सेकंडहँड चालेल, पण मधली पायरी गाळा.

आळशी_कासव:
दगडी_चाल, गणित बरोबर आहे तुमचं, पण मी नेमकं तेच करून बसलो होतो. फुल फ्रेम बॉडी, वर २४-७० एफ/२.८ ची झूम लेन्स. जेवढे फोटो काढले तेवढे सुरेख आले. पण ते धूड खांद्यावरून उतरून कपाटात कधी गेलं ते कळलंच नाही. आता छोटी क्रॉप बॉडी आहे, ती रोज पिशवीत असते. पोराला वाढत्या अंगाचा सदरा शिवावा, पण बाह्या दुमडून भागेल इतपतच. पायात यायला लागला तर पोर आपटतं.

आणि कवडसा, माउंट राहू दे, आधी डायल (सेटिंग बदलायला बोटाने फिरवायच्या चकत्या) मोजा. आर५० ला एकच आहे. मॅन्युअलवर शटर आणि अ‍ॅपर्चर दोन्ही त्याच्यावरच, मधे बटण दाबून अदलाबदल करायची. झेड५० टू ला पुढे एक, मागे एक. शिकताना हा फरक बोटांना रोज जाणवतो. (कॅननच हवा असेल तर आर१० बघा, त्याला दोन आहेत.)

शंकासुर:
माउंट बघून भविष्य ठरवणं म्हणजे पत्रिका जुळवणं. कॅननचा ईएफ-एम माउंट २०१२ चा. २०१८ ला आरएफ (आर५० चा माउंट हाच) आला आणि जुन्या लेन्स त्यावर बसेनात. माउंटपासून सेन्सरचं अंतर आधी १८ मिमी होतं, आरएफमध्ये २०, मग अडॅप्टर घुसवायचा कुठे? निकॉन वन २०११ ला आला, २०१८ ला संपला. ज्यांनी घेतले तेही 'सिस्टीमबरोबर वाढू' म्हणतच घेत होते.

कवडसा:
पण ते दोन्ही माउंट लहान सेन्सरपुरतेच होते, वर जायला जिनाच नव्हता. मी तेच तर टाळतोय!

शंकासुर:
फुजीचा एक्स माउंटही २०१२ चाच. त्यालाही फुल फ्रेमचा जिना नाही. छान चाललाय.

कवडसा:
बरं, तो मुद्दा तुमचा. तरी माझा कल झेडकडे आहे, कारण मामांच्या जुन्या निकॉनच्या एएफ-डी लेन्स घरात पडून आहेत. एफटीझेड अडॅप्टर (जुन्या लेन्स झेडवर बसवणारा जोड) लावला की झालं.

आळशी_कासव:
बसतील, पण ऑटोफोकस विसरा. त्या लेन्सना फिरवणारी मोटर जुन्या बॉडीत असायची, अडॅप्टरमध्ये ती नाही. हाताने रिंग फिरवायला आवडत असेल तर मजा आहे, धावत्या पोरांमागे मात्र हाल.

खरं सांगू का, घरात संध्याकाळच्या उजेडात बॉडी कुठलीही असो, फार फरक पडत नाही. झेडची किट लेन्स (बॉडीबरोबर मिळणारी) पूर्ण झूमला एफ/६.३ असते; एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) तिच्या १२ पट उजेड आत घेते. तेव्हा प्राइम कुठली, ते आधी ठरवा. फोनमधले जुने फोटो काढा आणि कुठल्या झूमवर जास्त आहेत ते मोजा.

कवडसा:
मोजले. शेवटच्या ३०० पैकी १८७ दोन एक्सवर! अल्ट्रावाइडचे फक्त अकरा, त्यातले चार चुकून. दोन एक्स म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात ५० मिमी लेन्सच्या आसपास, म्हणजे क्रॉपवर ३५. मग किट लेन्स सोडून नुसती बॉडी आणि एक ३५ घेऊ?

दगडी_चाल:
घ्या. पण ती ३५ फुल फ्रेमवाली घ्या.