फवारणीला नकार देणाऱ्या घराला दाखला द्यायचा की नाही?

देवळीकर

आमच्या ग्रामसभेत परवा एक ठराव आला. ज्या घरानं डासांच्या औषधाची आतून फवारणी करू दिली नाही, त्याला पंचायतीनं रहिवासी दाखला द्यायचा नाही. गोंधळ झाला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. मी ठरावाच्या बाजूनं आहे.

फवारणीवाले येतात. एक जण बादलीतला पंप हाणतो, दुसरा नळी धरून भिंतीवर मारतो. आणि गाव काय करतं? कोणी कुलूप लावून वावरात निघून जातो. कोणी म्हणतो देवघर सोडा, सैपाकाची खोली सोडा, धान्याची कोठी सोडा. मग उरते ओसरी.

हे काम धुरळणीसारखं नाही. डास चावला की रक्त पचवायला जवळच्या भिंतीवर बसतो, तिथलं औषध त्याच्या पायाला लागतं आणि तो मरतो. माझ्या घरी चावलेला डास तुमच्या घरी पोचायच्या आधी मेला, तर फायदा तुमचा. म्हणूनच ८०-८५ टक्के घरं आतून झाली नाहीत, तर बाकीच्यांची मेहनत पाण्यात.

वाळूमाशीचंही तेच. तिच्यातून पसरणारा चांदीपुऱ्याचा विषाणू १९६५ मध्ये आपल्या नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यातल्या रुग्णांत सापडला. २००३ मध्ये आंध्रात आणि आपल्याकडे, २०२४ मध्ये गुजरातेत त्यानं लेकरं नेली. ताप, झटके, बेशुद्धी, एक-दोन दिवसांत खेळ खलास. लस नाही, नेमकं औषध नाही. ही माशी डासाच्या जेमतेम पाव आकाराची, साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत येते. दिवसा भिंतीच्या भेगांत लपते. अंडी पाण्यात नाही, गुरांच्या कोठ्यातल्या ओल्या शेणमातीत घालते. शेजाऱ्याच्या हट्टापायी माझ्या नातवानं जीव का धोक्यात घालावा?

मातीचं घर

देवळीकर काका, तुम्ही मातीच्या घरात पावसाळा काढला आहे का जी? फवारणीवाले जाता जाता सांगतात, अडीच महिने भिंत सारवू नका. सांगायला काय जातं! झडीत भिंतीचा खालचा हात-दीड हात भिजून फुगतो, पोपडे सुटतात. दोन-तीन दिवसांत लिंपलं नाही तर उंदीर बीळ करतो आणि भेग रुंद होते. तुम्ही म्हणता माशी भेगांत राहते. मग भेग बुजवणारी बाई गुन्हेगार कशी?

दुसरी फेरी नेमकी पोळा आणि महालक्ष्म्यांच्या आसपास येते. घरात महालक्ष्म्या बसवायच्या आणि भिंतीवर औषधाचे पांढरे ओघळ तसेच ठेवायचे? कोणती सासू ऐकेल? त्यात दाखला अडवला की हेलपाटे बाईनंच मारायचे. पोरीची शिष्यवृत्ती अडकली तर ठराव मांडणारे येणार आहेत का तहसीलला?

कापूसपट्टा

मी यवतमाळकडचा. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. तेव्हापासून पंपाचा वास आला तरी आमची म्हातारी पोरांना घेऊन घराबाहेर पडते. तिला अडाणी म्हणू नका. तिनं जे पाहिलं त्यावरून ती चालते.

आता दुसरी बाजू. घरात मारता ते सिंथेटिक पायरेथ्रॉइड. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही त्याच घराण्यातली औषधं आम्ही वर्षानुवर्षं वावरात मारतो. डास तिथंही तेच औषध खातो आणि पचवायला शिकतो. मग भिंतीवर मारून उपयोग किती? आधी औषध चालतं का ते तपासा, मग दाखले अडवा.

देवळीकर

कापूसपट्टा, वावरातला डोस आणि भिंतीवरचा डोस एका पारड्यात तोलू नका. आणि ताई, पोपडे निघाले तर तेवढीच जागा लिंपा ना. लोक अख्खी भिंत सारवतात, तेही फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी, डाग दिसतो म्हणून. माझं भांडण त्यांच्याशी आहे.

जुना आरोग्यसेवक

हयात या कामात गेली, म्हणून चार गोष्टी.

घरात मारायचं अल्फासायपरमेथ्रिन, तेही त्याच पायरेथ्रॉइड घराण्यातलं, भिंतीवर चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम बसतं. डीडीटी होती तेव्हा एक ग्रॅम. भांडी, पाणी, धान्य बाहेर काढलं किंवा नीट झाकलं, भिंत वाळेपर्यंत लेकरं बाहेर ठेवली, तर घाबरण्यासारखं नाही. मांजर आणि टाक्यातले मासे मात्र सांभाळा, त्यांना हे औषध जास्त बाधतं. आमची पोरं हे घरोघरी सांगत नाहीत, घाईत असतात. तिथं चूक आमच्या बाजूची.

डीडीटीच्या काळात लोक म्हणायचे, फवारलं की ढेकूण वाढतात. खोटं नव्हतं ते. ढेकणांवर औषध चालेनासं झालं होतं, उलट ते चवताळून बाजेच्या सांध्यांतून बाहेर पडायचे. ढेकूण रोग पसरवत नाही, पण झोप तर मोडतो! साहेबांच्या कागदात ढेकणाला रकाना नव्हता. लोकांचा विश्वास तिथंच गेला.

आणि देवळीकर, उन्हाळ्यात अख्खं गाव अंगणात बाजा टाकून झोपतं. अंगणात चावलेला डास घरात येऊन भिंतीवर बसेलच असं नाही. नुसत्या भिंतीवर सगळी मदार ठेवू नका.

धानवाला

थोडं लांबचं उदाहरण देतो, पण जुळतं. दक्षिण अमेरिकेत मातीच्या घरांच्या भेगांत ढेकणाच्या जातीचा, बोटाच्या पेराएवढा रक्तपिपासू किडा राहतो. त्याच्यापासून होणारा चागास रोग हृदय पोखरतो. १९०९ मध्ये कार्लोस चागास या ब्राझीलच्या डॉक्टरनं तो शोधला. १९९१ पासून तिथल्या देशांनी मिळून घरोघर फवारणी केली. उरुग्वेत १९९७ पर्यंत त्या घरकिड्यामार्फत होणारा प्रसार थांबला. म्हणजे फवारणीनं होतं.

पण अर्जेंटिना-बोलिव्हियाच्या चाको भागात तोच किडा फिरून फिरून येत राहिला. घर फवारलं, पण मागचं कोंबड्यांचं खुराडं आणि शेळ्यांचा वाडा नीट झाला नाही, तिथून तो परत घरात शिरला. काही ठिकाणी औषधालाही जुमानेना. आपल्याकडे कोठा आणि झोपायची खोली यांच्यात एकच कूड असतो, तोही चिरलेला. कोठ्यात फवारता का तुम्ही?

देवळीकर

ब्राझील-बोलिव्हिया इथं कशाला? आपल्याकडे तो रोगही नाही आणि तो किडाही नाही.

धानवाला

रोग नाही हो. भेग आहे, कोठा आहे, औषधाला न जुमानणारा डास आहे. तेवढ्यापुरतंच म्हटलं.

कूलरवाला

सगळे मातीच्या घरामागं लागलेत. घरकुलाचे १ लाख २० हजार घेऊन आम्ही स्लॅब टाकला, भेगा गेल्या. मग डेंग्यू कसा आला? कूलरच्या टाकीतून. मार्चपासून कूलर चालू, जुलैपासून बंद, पण टाकी कोणी पुसून कोरडी करत नाही. पावसाचं पाणी साचतं, आणि डेंग्यूच्या एडीस डासाला तेवढंच हवं असतं. नळ आठवड्यातून एकदा येतो म्हणून रांजण आणि ड्रम वेगळेच. त्यात संडास झाले, पण सेप्टिक टाकीच्या पायपाच्या तोंडाला जाळी कोणी बांधली? हत्तीपायाचा डास तिथंच पोसतो. पायपाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधायला ठराव लागत नाही.

आणि एक पाहिलेलं सांगतो. फवारणीला जास्त नकार मातीच्या घरातून नाही येत. ऑइलपेंट मारलेल्या घरातून येतो. "डाग पडतात, बाहेरून मारा." त्यांचे दाखले कोण अडवणार?

मातीचं घर

हाव ना बाप्पा! हेच म्हणायचं होतं.

आता माझं ऐका, मग मला काय म्हणायचं ते म्हणा. फवारणीची तारीख पंधरा दिवस आधी कळवा. दवंडी नको, आशाताईंनी घरी येऊन सांगावं, तेही बाईला, गड्याला नाही. आम्ही आधी भेगा बुजवतो, पोतेरं मारतो, भिंत चांगली वाळू देतो. मग खुशाल फवारा, देवघराच्या बाजूची भिंतसुद्धा. पुढं भुई सारवू, भिंतीला हात लावणार नाही, पोपडा सुटला तर तेवढाच लिंपू. दुसरी फेरी महालक्ष्म्या उठल्यावर घ्या, ओघळांवरून भांडण उरणार नाही. कोठ्यातलं शेण रोज उकिरड्यावर जाईल, पण उकिरडा घरापासून लांब न्यायला जागा पंचायतीनं द्यावी. आमच्याकडे जागा असती तर कोठा घराला चिकटून बांधला असता का?

जुना आरोग्यसेवक

लिंपून वाळलेल्या भिंतीवर औषध नीट बसतं आणि माशीला लपायला जागाही राहत नाही. तारखेचं प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी द्या. तोंडी सांगितलेलं तिथं राहत नाही. फक्त महालक्ष्म्यांसाठी फेरी फार लांबवू नका, हिवतापाचा जोर त्याच सुमारास वाढतो.

कापूसपट्टा

आणि त्याच अर्जात विचारा, आपल्या भागातल्या डासांवर हे औषध चालतं का याची तपासणी शेवटची कधी झाली.

देवळीकर

तारीख मान्य. कोठ्याचं मान्य. तपासणीचंही लिहू. पण दाखल्याचं कलम मी काढणार नाही. सवलत दिली की पहिल्या फेरीला उत्साह असतो, दुसऱ्या फेरीला परत कुलपं दिसतात. हे मी इथंच पाहिलं आहे.

कूलरवाला

मग कलमात एक ओळ वाढवा. सुरुवात सदस्यांच्या घरापासून, झोपायच्या खोलीसकट. आमच्या वॉर्डातले सदस्य त्या दिवशी नेमके बाहेरगावी असतात.

देवळीकर

वाढवतो. पुढच्या सभेला या, आणि हात वर करायला विसरू नका.

मातीचं घर

येतो. दाखल्याच्या कलमाला विरोध करायला.