अंदमानला जाताना डायव्हिंगचं सामान स्वतःचं न्यावं का भाड्यानं घ्यावं?

ताऱ्याखालचा (सातारा)
मंडळी, मे महिन्यात तारकर्लीला ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला) कोर्स केला, आता डिसेंबरात अंदमानात हॅवलॉकला पाच-सहा डाइव्ह करायचा विचार आहे. साताऱ्यात हे सामान बघायला मिळत नाही, ऑनलाइन बघून बघून डोकं फिरलंय. विमानात १५ किलोच चालतं, त्यात बीसीडी (तरंगणं सांभाळणारं हवेचं जॅकेट), रेग्युलेटर (सिलिंडरातली हवा तोंडात देणारं यंत्र), फिन्स (पायात घालायचे पंख), वेटसूट (अंग गरम ठेवणारा रबरी सूट) कोंबलं तर माझे कपडे बायकोच्या बॅगेत, आणि ती काही घेणार नाही. बजेट चाळीस हजार. तारकर्लीला भाड्याच्या मास्कमध्ये सारखं पाणी यायचं, बाकी तक्रार नव्हती. काय घेऊ?

डबाबहाद्दर (सांगली)
भाऊ, आधी सांगा मिशी आहे का? चेष्टा नाही. मी कृष्णेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस, पाण्याची भीती नाही, पण पहिल्या डाइव्हला मास्क चार वेळा भरला आणि मी इन्स्ट्रक्टरसमोर भाड्याच्या मास्कला नावं ठेवत बसलो. मास्क बरा होता ओ, माझी मिशी वाईट होती. सिलिकॉनच्या कडेखाली केस आले की पाणी येणारच. नाकाच्या अगदी खाली बारीक पट्टी वस्तऱ्यानं काढली, बाकी रुबाब तसाच ठेवला, काम झालं.

तरी मास्क स्वतःचाच घ्या. पट्टा न लावता तोंडाला टेकवायचा, नाकानं हलका श्वास ओढायचा, हात सोडला तरी चिकटून राहिला तर तो तुमचा. त्यामुळे पुण्या-मुंबईला चक्कर झाली तर लावून बघूनच घ्या. नवीन काचेला आतून टूथपेस्ट चोळून धुवा, नाहीतर धुकं धरतं. चष्मा असेल तर नंबरची काच बसवून मिळते.

बीसीडी आत्ता अजिबात नको, तीन-चार किलोचं धूड आहे.

मीठपाणी (सांगली)
दादांशी सहमत. मास्कनंतर पैसे घालायचे तर डाइव्ह कॉम्प्युटरवर, मनगटावर मावतो आणि किती खोल, किती वेळ हे दुसऱ्याच्या भरवशावर राहत नाही. वेटसूट नका नेऊ, पाणी कोमट असतं, ३ मिमीचा तिथंच मिळतो. रेग्युलेटर पुढेमागे घेतलात तर डीआयएन का योक (सिलिंडरला जोडायच्या दोन पद्धती) हे तिथल्या दुकानाला आधी विचारा, नाहीतर अ‍ॅडॉप्टर ठेवा, आणि रेग्युलेटर केबिन बॅगेतच न्या. धुताना आधी फर्स्ट स्टेजची (सिलिंडरला लागणाऱ्या भागाची) डस्ट कॅप कोरडी करून घट्ट लावा, पर्ज बटण (तोंडाकडच्या भागावरचं, हवा सोडणारं) दाबू नका, मी दाबलं होतं आणि आत पाणी जाऊन सर्व्हिसिंगला भुर्दंड पडला. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत.

घाटावरचा
सामानाचं झालं, एक राहिलं. एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या तर विमानात बसायच्या आधी निदान १८ तास थांबायचं, परतीचं तिकीट त्या हिशोबानं काढा. आणि तारकर्लीहून आपण दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढतो ना, तेही तसंच धरा. आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे, आपलं साताराही ७०० च्या घरात. हवेचा दाब कमी झाला की अंगात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे धरतो. मालवणात एक मुक्काम करा, तेवढीच सोलकढी.

ताऱ्याखालचा (सातारा)
आयला, मे महिन्यात मी त्याच दिवशी घाट चढून घरी आलो होतो की! मास्क आणि कॉम्प्युटर नक्की. मिशी आहे, भरघोस आहे, पट्टीचं बायकोला विचारून सांगतो.