मदत हवी आहे: यागर अजून हॉल ऑफ फेममध्ये का नाही?

ऑफिसच्या क्विझसाठी आइस हॉकीवाल्या यारोमिर यागरवर प्रश्न काढतोय. पिट्सबर्गकडून 1991 आणि 1992 चे स्टॅन्ली कप (एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगची ट्रॉफी), 1998 चं ऑलिंपिक गोल्ड, एनएचएलमध्ये 1921 पॉइंट्स, पॉइंट्समध्ये पुढे फक्त वेन ग्रेट्झकी, एवढं सगळं जुळलंय. अडलंय ते टोरांटोच्या हॉल ऑफ फेमपाशी (आयआयएचएफचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा वेगळा, तो नको). खेळ सोडल्यावर 3 सीझन थांबावं लागतं असं वाचलं, पण एनएचएलमधली शेवटची मॅच 2017 ची, नंतर पठ्ठ्या पन्नाशीतही चेकमध्ये स्वतःच्याच क्लाद्नो क्लबकडून खेळत राहिला. पिट्सबर्गमधला त्याचा साथीदार मारिओ लेम्यू तर हॉलमध्ये जाऊन 2000 ला परत खेळायला उतरला, म्हणजे अपवाद होतात. मग ही 3 वर्षं नेमकी कधीपासून धरतात, एनएचएल सोडल्यापासून का कुठलीही प्रोफेशनल मॅच खेळणं थांबवल्यापासून?