मदत हवी आहे: झेंडूला कळीच नाही, दसऱ्यापर्यंत काय करू?

गच्चीवाली_राजारामपुरी
यंदा गच्चीवर रंगांचा नुसता धुमाकूळ चाललाय. तेरडा गुलाबी, पांढरा, लालभडक. झिनिया नारिंगी. गुलबक्षीच्या एकाच झाडावर पिवळी फुलं, गुलाबी फुलं आणि पिवळ्यावर गुलाबी शिंतोडे उडवल्यासारखीही. दुपार कलली की चहाचा कप घेऊन वर जायचं आणि ती उमलायची वाट बघत बसायचं. पण झेंडू! वीस कुंड्या आहेत, रोपं माझ्या कमरेला लागलीत, पानं हिरवीगार आणि कळी एक नाही. गौरी येऊन गेल्या, आता दसऱ्याला तरी तोरण घरच्या फुलांचं हवं. लवकर सांगा, काय घालू?

फुलेवाडीकर
ताई, फोटो नाही, ऊन किती ते नाही, खत कुठलं ते नाही. रोपं लावली कधी? 'काय घालू' हे सगळ्यात शेवटी.

बावड्याचा_भावा
शेंडे खुडा. नाद खुळा फुटवा येतोय बगा. आमच्यात एका झाडाला साठ फुलं मोजल्यात मी.

फुलेवाडीकर
भावा, शेंडा रोप लावल्यावर महिन्याभरात खुडायचा असतो. आत्ता खुडला तर नवीन फुटव्याला कळी धरेपर्यंत दसरा चौकात सोनं लुटून झालेलं असेल.

बावड्याचा_भावा
अजून पाच आठवडे हाईत. गेल्या साली मी गणपतीतच खुडलेलं.

फुलेवाडीकर
आणि फुलं कधी आली?

बावड्याचा_भावा
दिवाळीला. पन आली का न्हाई?

आजीची_बाग
जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसला तर एक लिटर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. पानांच्या खालूनही.

गच्चीवाली_राजारामपुरी
काकू, जास्वंद छान आहे हो. झेंडूचं विचारलंय.

वाचक_पन्हाळा
उंच झेंडूला लोक आफ्रिकन म्हणतात, पण तो मूळचा मेक्सिकोचा. आपला खरा गावरान म्हणजे तेरडा. सध्या मसाई पठारावर जाऊन बघा, रानफुलं कशी फुललीत ती. तेरड्याची पिकलेली शेंग बोटांत धरली की टचकन फुटून बिया उडतात. त्या गोळा करून ठेवा.

गच्चीवाली_राजारामपुरी
बिया गोळा करायची गरजच पडत नाही, दरवर्षी फरशीच्या फटीत आपोआप येतो तो. बरं, माहिती देते. बी गेल्या दसऱ्याच्या तोरणातलं. रोपं जूनच्या शेवटी लावली. ऊन सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत. खत शेणखत. जुलैच्या झडीत पानं पिवळी पडली म्हणून दर रविवारी कुंडीला चमचाभर युरिया.

फुलेवाडीकर
हे आधी सांगायचं! युरियात 46 टक्के नत्र. झाडाला इतकं जेवण मिळालं तर ते पानंच काढत बसणार, फुलायला त्याला सवड कुठली? आणि पावसात पिवळी पडली ती बहुतेक कुंडीत पाणी साचून. मुळं गुदमरतात. त्याला इलाज कुंडीचं भोक मोकळं करणं. युरिया आजपासून बंद.

शिरोळचा_माळी
रात्री गच्चीवर उजेड असतो का?

गच्चीवाली_राजारामपुरी
शेजारी चोरी झाली तेव्हापासून जिन्याचा दिवा रात्रभर चालू असतो. त्याचा काय संबंध?

शिरोळचा_माळी
आहे तर! चार वर्षं पॉलीहाउसवर काम केलंय. शेवंतीला उशिरा फुलवायचं असेल तर रात्री बल्ब लावतात. रात्र मोठी झाली की ती कळी धरते, उजेड असला की तिला रात्र झालीच नाही असं वाटतं. उंच झेंडू शेवंतीइतका हट्टी नाही, पण त्यालाही लांब रात्र आवडते.

फुलेवाडीकर
आमच्या गल्लीत रस्त्याचा दिवा झेंडूवरच पडतो, तरी ढिगानं फुलं. युरियाच आहे हो.

शिरोळचा_माळी
वाण कुठला? उंच की बुटका?

फुलेवाडीकर
बुटका.

शिरोळचा_माळी
मग झालं तर.

गच्चीवाली_राजारामपुरी
नऊ दिवसांनी लिहितेय. युरिया बंद केला, कुंड्यांची भोकं सळईनं मोकळी केली. एकीतून अर्धी बादली चिखलपाणी निघालं. दिवा बंद करायला सासूबाई तयार नाहीत, म्हणून आठ कुंड्या टाकीमागं अंधारात सरकवल्या. आज सकाळी बघितलं तर तिथल्या दोन झाडांच्या शेंड्यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या हिरव्या कळ्या! पण दिव्याखालच्या एका झाडातही एक आहे. आता कुणाचं खरं मानू?

फुलेवाडीकर
माझं.

बावड्याचा_भावा
उरलेल्या अकरा खुडून बगा की.

आजीची_बाग
जास्वंदीच्या पानांखाली बघितलंस का गं?