राज्याचा इन्कम टॅक्स आणि मुलांची शाळा: तुमचे अनुभव लिहा

गव्हाळ:
अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याने २०२५ मध्ये इन्कम टॅक्स टप्प्याटप्प्याने बंद करायचा कायदा केला. काल ऑफिसात एक जण त्यावर भलताच खूश होता आणि मला आमची कॅन्ससची वर्षं आठवली. २०१२ ला तिथे कराचे दर उतरवले, एलएलसीवाल्यांच्या (म्हणजे स्वतःची छोटी कंपनी काढलेल्यांच्या) नफ्यावर तर राज्याचा कर शून्य. गव्हर्नर ब्राउनबॅकना पुढे सगळ्यांचाच शून्यावर न्यायचा होता. नवरा म्हणे, पगारदार तेवढे येडे, आपणही एलएलसी काढू.
थोडे डॉलर वाचले, खोटं कशाला बोलू. मग ऑगस्टमध्ये लेकीच्या शाळेची, घरून आणायच्या सामानाची यादी आली. टिश्यूचे खोके ठीक, ते सगळीकडे मागतात. पण झेरॉक्सचे कागद दोन गठ्ठे? लायब्ररीच्या बाई दोन शाळांत वाटलेल्या, इतर दिवशी दाराला कुलूप. लेक काचेला नाक लावून आतली पुस्तकं बघायची. काचेवर तिच्या नाकाचा डाग असायचा.
२०१५ ला काही छोट्या गावांनी पैसे पुरेनात म्हणून शाळेचं वर्ष लवकर आटोपलं. त्याच वर्षी सेल्स टॅक्स ६.१५ वरून ६.५ टक्के, तोही किराण्यावर धरून. शेवटी २०१७ मध्ये ब्राउनबॅकच्याच पक्षाच्या विधिमंडळाने त्यांचा व्हेटो (नकाराधिकार) झुगारून बराचसा कर परत आणला.
तुमच्याकडे काय?

ऑस्टिनवाली:
"टेक्ससला इन्कम टॅक्स नाही" ऐकून आलो. ऑक्टोबरात घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं तेव्हा नवरा खुर्चीत बसला तो उठेचना. त्यातला मोठा वाटा शाळेचाच. वर ऑस्टिनचे पैसे "रॉबिन हूड" म्हणतात त्या नियमाने दुसऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टना (शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्थांना) जातात. ते पटतं मला, पण बिल बघताना नाही पटत. कुकर झालाय, नंतर लिहिते.

फरसाण:
फक्त कराला दोष नको. आम्ही कॅलिफोर्नियात, वरचा दर १३.३ टक्के, तरी शाळा दर सप्टेंबरला देणगी मागते. चेक लिहिला नाही तर पीटीएच्या बाई पार्किंगमध्ये गाठतात.

गव्हाळ:
@फरसाण :) तिथे प्रॉपर्टी टॅक्सला कुलूप आहे ना १९७८ पासून. एकीकडे दाबलं की दुसरीकडे फुगतं.

तुलसाची_मावशी:
आमच्या ओक्लाहोमात कर गेला नाही, नुसता कमी होत गेला, तरी २०१८ च्या सुमारास कित्येक डिस्ट्रिक्टमध्ये आठवड्यात चारच दिवस शाळा असायची. त्याच वर्षी मास्तर संपावर गेले तेव्हा मी दोन शेजारच्या पोरांना धरून पाच जणांना पोहे केले. एकाने केचप मागितलं.

चकली:
केचप!!!

नाशिककर_नॅशव्हिल:
टेनेसीतही पगारावर कर नाही. पण दूध-भाजीवरही सेल्स टॅक्स लागतो. कमी पगारवाल्याला तो जास्त टोचतो, हे कोणी बोलत नाही.

ज्वारीप्रेमी:
गव्हाळताई, कॅन्ससला ज्वारी उदंड पिकते ना? हायवेने जाताना कणसं बघून गाडी थांबवली होती. तिथे मायलो म्हणतात, जनावरांना घालतात. जीव तुटला.

गव्हाळ:
हो ना! एका शेतकऱ्याकडून पिशवीभर आणली होती. मिक्सरचं भांडं गेलं, पण भाकरी झाली. त्याच आजोबांची नात कागदाच्या गठ्ठ्यांसाठी शाळेत केक विकायची.

चकली:
पीठ चाळून घेतलंस का? माझी भाकरी तुटतेच.

ऑस्टिनवाली:
उकड काढ गं. गरम पाण्यात मळ.