मदत हवी आहे: डमास्कसच्या ट्रेल डेजला आई-बाबांना न्यायचंय, राहायचं कुठे?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. ट्रेल डेजला डमास्कसला जायचं नक्की केलंय, सोबत आई-बाबा आहेत. गावात एक खोली शिल्लक नाही, जिथे फोन करावा तिथे "फुल्ल". बाबांचा गुडघा दुखरा आहे, आई शुद्ध शाकाहारी. शनिवारची मिरवणूक काही झालं तरी बघायचीच आहे. कुणी गेलंय का आधी? कुठे उतरलात, गाडी कुठे लावलीत? लवकर सांगा प्लीज, आजूबाजूची बुकिंगंही भराभर संपत चाललीत.

प्रवासी_सदाशिव
ताई, आई-बाबांना घेऊन सध्या दमास्कसला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. उमय्यद मशीद आणि जुना बाजार बघण्यासारखे आहेत हे खरं, पण आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा. भारतीय पासपोर्टवर व्हिसाची व्यवस्थाही आधी बघावी लागेल. त्यापेक्षा जॉर्डन करा, पेट्रा होईल.

रानवाट
सदाशिव, सिरियातलं नव्हे हो. हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचं डमास्कस, टेनेसीच्या सीमेला लागून. वस्ती जेमतेम आठशेच्या आसपास. अ‍ॅपलाचियन ट्रेल, म्हणजे जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी सुमारे ३,५०० किलोमीटरची पायवाट, या गावाच्या मुख्य रस्त्यावरूनच जाते. दुकानांसमोरच्या खांबांवर वाटेच्या पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या दिसतात. ही वाट १९३७ साली पूर्ण झाली. तिला पन्नास वर्षं झाली म्हणून १९८७ मध्ये गावाने पहिले ट्रेल डेज, म्हणजे ही वाट चालणाऱ्यांचा उत्सव, भरवले आणि एखाद-दुसरं वर्ष सोडलं तर मग ते मे महिन्यात भरतच राहिले. त्या दोन-तीन दिवसांत गावात वीस हजारांच्या घरात माणसं येतात, त्यामुळे खोली न मिळणं साहजिक आहे.

कृष्णाकाठची, तुम्ही निघणार कुठून? गाडी तुमची का भाड्याची? आई-बाबांचं वय काय? आणि मुक्काम किती रात्रींचा?

कृष्णाकाठची
कॅरी, नॉर्थ कॅरोलायना. गाडी आमचीच. दोघंही सत्तरीच्या आतबाहेर. शुक्रवार आणि शनिवार, दोन रात्री. आता सांगा.

पायपीट
तंबू! गावाच्या कडेला त्या दिवसांत टेंट सिटी उभी राहते, तिथेच राहा. मी स्वतः राहिलोय. ट्रेल डेज म्हणजे काय ते तिथेच कळतं. देशभरातून आलेले, वर्षानुवर्षांपूर्वी ही वाट चाललेले लोक शेजारच्या तंबूत भेटतात, रात्री शेकोटी असते, ढोल असतात. हॉटेलात झोपून येण्यासाठी एवढ्या लांब जायचं कशाला?

शमिका_रॅले
पायपीट, सत्तरीतल्या माणसाला दुखऱ्या गुडघ्याने जमिनीवरून उठवून रात्री दोनला फिरत्या शौचालयापर्यंत कोण नेणार? शिवाय मे महिन्यात त्या डोंगरात पाऊस कधीही येतो आणि रात्री चांगलीच थंडी पडते. टेंट सिटीत रात्री ढोल असतात हे तुम्हीच वर लिहिलंय, मग झोप कशी लागणार?

ताई, अ‍ॅबिंग्डन बघा. ८१ नंबरच्या महामार्गावर आहे, तिथून डमास्कस वीस-पंचवीस मिनिटं. तिथे नाही मिळालं तर ब्रिस्टल. थोडं लांब आहे, पण मोठं गाव आहे, हॉटेलं भरपूर. अर्धं ब्रिस्टल व्हर्जिनियात आणि अर्धं टेनेसीत, सीमा मुख्य रस्त्याच्या मधोमध. शोधताना दोन्ही राज्यं टाका, नाहीतर अर्धी हॉटेलं दिसणारच नाहीत.

अनिकाका
मी वेगळं सुचवतो. ट्रेल डेजच्या गर्दीत ज्येष्ठांना नेऊच नका. त्याऐवजी जूनमध्ये व्हर्जिनियातल्याच शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानात जा. तिथला डोंगरमाथ्यावरचा रस्ता, स्कायलाइन ड्राइव्ह, १०५ मैलांचा आहे आणि अ‍ॅपलाचियन ट्रेल त्याला पुन्हा पुन्हा ओलांडते. गाडीतून उतरलं की पाच मिनिटांत वाटेवर. बिग मेडोजला लॉजमध्ये राहा, हरणं अंगणात येतात. आमच्या आईला आम्ही असंच नेलं होतं, तिला फार आवडलं. वाट बघायचीच आहे तर शांतपणे बघा.

पायपीट
काका, त्यांनी मिरवणूक बघायची म्हटलंय. शेनंडोआत मिरवणूक नाही.

अनिकाका
मिरवणुकीत बघण्यासारखं काय आहे? लोक एकमेकांवर पाण्याचे फुगे फेकतात. ज्येष्ठांच्या अंगावर फुगा बसला तर?

रानवाट
काका, मिरवणूक म्हणजे एवढंच नाही. ज्या साली वाट चालले त्या सालाचा फलक धरून एकेका वर्षाची तुकडी जाते. पांढऱ्या दाढीचे आजोबा पुढे आणि यंदाची पोरं मागे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावकरी आपापल्या अंगणात खुर्च्या टाकून बसतात. पाणी उडतं, ते खरं. म्हणून बाबांना चालणाऱ्यांच्या अगदी जवळ न बसवता जरा मागे सावलीत बसवावं. घडीच्या खुर्च्या आणि पावसाळी कोट न्या.

कृष्णाकाठची, एक विचारतो. मिरवणूक "काही झालं तरी" बघायची, असं का? कुणी ओळखीचं चालतंय का?

कृष्णाकाठची
हो, माझा भाऊ. एप्रिलच्या सुरुवातीला जॉर्जियातून निघाला. आई-बाबांनी तो निघाल्यापासून त्याला पाहिलेलं नाही आणि मेअखेरीस त्यांचं परतीचं विमान आहे, म्हणून अनिकाकांचं जूनचं जमणार नाही. शनिवारी तो मिरवणुकीत चालणार आहे.

शमिका_रॅले
अगं, हे पहिल्याच ओळीत लिहायचंस! मग प्रश्न हॉटेलचा नाही, तो त्या दिवशी गावात पोचणार का हा आहे. आत्ता कुठे आहे तो?

कृष्णाकाठची
काल अर्विनला होता, तिथून फोन आला. त्यानंतर रेंज नाही.

रानवाट
अर्विन, टेनेसी. तिथून डमास्कस सव्वाशे मैलांच्या आसपास. रोज पंधरा मैल धरले तर आठ-नऊ दिवस. मधे रोन पर्वत आहे, तिथे वादळी हवा आली की लोक एखादा दिवस खाली गावात थांबतात. म्हणजे तो बहुतेक वेळेत येईल, पण अगदी काठावर.

दुसरी वाट तयार ठेवा. ट्रेल डेजला सगळेच चालत पोचत नाहीत. जे पुढे गेलेत ते मागे येतात, जे मागे आहेत ते गाडीने पुढे येतात, आणि उत्सव झाला की जिथे सोडलं तिथेच परत जाऊन चालू लागतात. तुमची गाडी आहेच. शेडी व्हॅलीजवळ ४२१ नंबरचा रस्ता ट्रेलला ओलांडतो, डमास्कसच्या साधारण पंधरा मैल आधी. त्याला म्हणावं, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिथे आलास तर आम्ही उचलतो. रविवारी तिथेच सोडा, एक पाऊलही चुकणार नाही.

आणि त्याचं वाटेवरचं नाव काय आहे ते विचारून ठेवा. गर्दीत फोन लागला नाही तर त्याचं खरं नाव घेऊन कुणालाही सांगता येणार नाही, तिथे सगळे एकमेकांना वाटेवरच्या नावानेच ओळखतात.

कृष्णाकाठची
हे माहीतच नव्हतं. दादाच्या मित्राला मेसेज केला, त्याच्याकडून कळलं. तिथे त्याला सगळे "चटणी" म्हणतात. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी तो सगळ्यांना वाटत सुटला होता म्हणे. आईला सांगितलं तर ती लगेच आणखी कुटायला बसली.

सुगरण_एडिसन
आईंना माझा नमस्कार सांग. शाकाहारीचं म्हणशील तर गावात सगळीकडे बर्गर आणि बार्बेक्यू, सॅलडवर दिवस काढावा लागतो. थालीपिठं, दशम्या, मेतकूट भात, सगळं घरून ने. विजेची किटली विसरू नकोस. भावासाठी आणि त्याच्या सोबत्यांसाठी शेंगदाणा लाडू, खजूर-तिळाचे लाडू, चिक्की. हे चालणारे लोक दिवसाला प्रचंड उष्मांक जाळतात, त्यांना वजनाला हलकं आणि पोटाला भरीव हवं असतं. तूप भरपूर घाल. पुरणपोळी मात्र नेऊ नकोस, दमट हवेत लगेच खराब होते.

रानवाट
सुगरणताई, लाडवांबद्दल पूर्ण सहमत. पण सगळं घरून भरून नेऊ नका एवढी विनंती. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलिन वादळाचा पूर डमास्कसमधून गेला. गावात ओढे मिळतात, त्या पाण्याने घरं, दुकानं, रस्ते नेले. तिथली दुसरी मोठी वाट म्हणजे व्हर्जिनिया क्रीपर ट्रेल, जुन्या रेल्वेमार्गावरची ३४ मैलांची सायकलवाट. तिचा डमास्कसच्या वरचा व्हाइटटॉपपर्यंतचा भाग पुलांसकट वाहून गेला. गावातले कितीतरी जण सायकली भाड्याने देऊन आणि लोकांना वर सोडून पोट भरत होते, त्यांचा धंदाच गेला. एवढं होऊनही पुढच्या मे महिन्यात त्यांनी ट्रेल डेज भरवले. तेव्हा दोन वेळचं जेवण गावातच करा. भाजलेले बटाटे, बीन्स, अंडी चालत असतील तर नाश्ता, काही ना काही मिळतं. बर्‍याच ठिकाणी विचारलं तर वेगळं करूनही देतात.

सुगरण_एडिसन
आजीच्या वयाच्या बाईला बीन्सवर ठेवायचं का? गावाला मदत करायची तर देणगी द्या, टीशर्ट घ्या. पोट बिघडलं तर कोण बघणार?

कृष्णाकाठची
मी सांगलीची. २०१९ चा पूर घरात पाहिलाय, बाजारपेठ सावरायला किती वेळ लागतो ते ठाऊक आहे. रानवाट म्हणतात तसंच करू, जेवण गावात. आईसाठी थालीपिठं आणि मेतकूट सोबत राहील. यावर आता वाद नको, अजून गाडी कुठे लावायची ते कुणी सांगितलेलं नाही.

डोंगरयात्री_कोल्हापूर
वाचून फार वाटलं. आमच्याकडे दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड हजारो जण चालतात. वाटेवरच्या वाड्यांमधले लोक घर उघडून देतात, पिठलं-भाकरी करतात, ओल्या कपड्यांना चुलीपाशी जागा देतात. पण वाडीचा स्वतःचा असा एक दिवस कुठे आहे? मसाई पठारावर प्लास्टिक पडतं ते मात्र त्यांनाच उचलावं लागतं. आठशे वस्तीचं गाव वाट आपली म्हणून तिचा उत्सव करू शकतं, तर आपल्याकडे ग्रामपंचायतींनी का करू नये?

अनिकाका
आपल्याकडे उत्सव केला की आधी डीजे येतो. नको ते.

डोंगरयात्री_कोल्हापूर
डीजे आणायचा की नाही हे गाव ठरवेल ना काका. बांदल सेनेची वाट आहे ती, तिथल्या पोरांना डीजेपेक्षा पोवाडा जास्त येतो. वारीच्या वाटेवर गावं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलीत, त्यांना कुणी शिकवलं नाही.

पायपीट
वेगळा धागा काढा, मी तिथे नक्की लिहितो. इथे ताईंची पार्किंगची विचारणा राहिलीय.

पार्किंग: शनिवारी सकाळी नऊच्या आत पोचा. लोक आपली अंगणं आणि शेतं पार्किंगला देतात, पैसे रोख घेतात. मुख्य रस्ता मिरवणुकीला बंद होतो, त्यामुळे मधे गाडी काढता येईल हे धरूच नका. बाबांना आधी मुख्य रस्त्यालगतच्या बागेपाशी उतरवा, तिथे बाकं आहेत, मग गाडी लावायला जा. चर्चच्या मंडळींचे तंबूही त्याच भागात असतात. चालणाऱ्यांना ते फुकट जेवण देतात, अंघोळीची सोय करतात, पायाच्या जखमा धुऊन बांधून देतात. भाऊ सापडला नाही तर तिथे "चटणी कुठाय" विचारा, कुणीतरी सांगेलच.

मुंबईकर_डॉक्टर
आई-बाबांचा प्रवासी आरोग्य विमा आहे ना? आधीपासूनच्या आजारांचं कलम नीट वाचा. मधुमेह, रक्तदाब, गुडघा, हे सगळं त्यातच येतं.

कृष्णाकाठची
विमा आहे, तो विषयच नाही. बरं, रस्ता कुठला? नकाशा मला बूनवरून डोंगरातून नेतोय, तो जवळचा दाखवतो.

शमिका_रॅले
आईला गाडी लागत असेल तर बून नको. माउंटन सिटीपर्यंत नुसती वळणं आहेत. ४० वरून विन्स्टन-सेलम, मग ७७ ने उत्तरेला, ८१ वर डावीकडे वळून अ‍ॅबिंग्डन. थोडं लांब पडतं पण रस्ता सरळ, आणि विश्रांतीची ठिकाणं आहेत.

रानवाट
सहमत. फक्त भावाला शेडी व्हॅलीजवळून आणायचं झालं तर तुम्ही एकट्याच जा, तो रस्ताही वळणांचा आहे. आई-बाबांना हॉटेलवर थांबवा.

आणि गवतात बसणार असाल तर संध्याकाळी सगळ्यांच्या पायांना, पँटच्या कडांना गोचीड लागलीय का ते बघा. मे महिना त्यांचाच. लागली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, काडेपेटी, रॉकेल असलं काही करायचं नाही.

कृष्णाकाठची
ब्रिस्टलला टेनेसीच्या बाजूला खोली मिळाली! तळमजल्यावर, लिफ्टची गरज नाही. शमिका, दोन्ही राज्यं टाकून शोधलं म्हणूनच दिसली. दादाच्या मित्राकडून ४२१ च्या क्रॉसिंगचा निरोप पाठवलाय. पुढच्या गावात रेंज आली की दादा उत्तर देईल.

एकच राहिलं. रोख पैसे साधारण किती ठेवू? आमच्याकडे घरात नोटाच नसतात.

पायपीट
पाच-दहाच्या नोटा ठेवा, शंभराची मोड कुणाकडे नसते. पार्किंग, लिंबूपाणी, लहान मुलांचे स्टॉल, चर्चची देणगीपेटी, सगळं रोखीतच. आणि लाडू जास्त न्या, चटणीच्या ओळखीचे फार जण निघतील.

सुगरण_एडिसन
कृती टाकू का लाडवांची?

कृष्णाकाठची
टाका ना ताई. गूळ नको, खजुराची हवी.