तोफा विकता येतात, मग लढाऊ जहाज का नाही?

पांझराकाठ, धुळे

विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास करताना एका ठिकाणी अडलो आहे. १९०७ च्या हेग येथील तेराव्या कराराचे कलम ७ सांगते की, खासगी व्यापारी युद्धमान राष्ट्राला शस्त्रे पाठवत असतील, तर ते थांबवण्यास तटस्थ राष्ट्र बांधील नाही. लगेच पुढचे कलम ८ मात्र, ज्या देशाशी आपली शांतता आहे त्याच्याविरुद्ध लढण्यासाठी एखादे जहाज आपल्या हद्दीत सज्ज होत असल्याचा संशय असेल, तर ते रोखण्याचे बंधन त्याच राष्ट्रावर घालते. तोफा पेटीतून गेल्या तर व्यापार आणि जहाजावर बसवल्या तर तटस्थतेचा भंग, हे कसे? वर्गात ‘जहाज मोठे असते’ एवढेच उत्तर मिळाले.

जुना रोजमेळ, जळगाव

भाऊ, आकाराचा येथे काही संबंध नाही. पेटीतली तोफ खरेदीदाराच्या हाती पडेपर्यंत मालच असते. वाटेत शत्रूने पकडली तर ती जप्त होते आणि नुकसान व्यापाऱ्याचे होते. सज्ज जहाज मात्र बंदर सोडताक्षणी मोहिमेवर निघालेले असते, म्हणजे तटस्थ देशाची गोदीच एका पक्षाचा तळ बनते.

हा धडा अमेरिकेच्या यादवी युद्धातला आहे, आणि त्या युद्धाने खानदेशालाही हात लावला होता. आमच्या घरच्या जुन्या वहीत १८६४ च्या पानावर कापसाचा भाव दोनदा खोडून वाढवलेला दिसतो. मुंबईहून असा कापूस ज्या लिव्हरपूलला उतरत होता, त्याच्याच समोर, मर्सी नदीपलीकडे बर्कनहेडच्या लेअर्ड गोदीत दक्षिणेकडील बंडखोर राज्यांसाठी क्रमांक २९० चे जहाज बांधले गेले. अमेरिकेच्या वकिलातीने पुरावे दिले, पण ते कागद ज्या विधी अधिकाऱ्याकडे गेले तो मनोविकाराने आजारी होता आणि कागद काही दिवस त्याच्याकडे पडून राहिले. २९ जुलै १८६२ रोजी पाहुण्यांना घेऊन चाचणीफेरीच्या मिषाने जहाज निघाले, पाहुण्यांना दुसऱ्या बोटीने परत धाडले आणि ते स्वतः परतलेच नाही. तोफा दुसऱ्या जहाजाने अझोर्स बेटांवर पोहोचल्या, तेथे त्या बसवल्या आणि ‘अलाबामा’ हे नाव धारण करून त्याने साठहून अधिक जहाजे पकडली.

ब्रिटिशांचा १८१९ चा कायदा ‘सज्ज करणे’ निषिद्ध ठरवत होता. नुसते बांधणे म्हणजे सज्ज करणे नव्हे, असा गोदीवाल्यांचा युक्तिवाद. १८७० च्या नव्या कायद्याने बांधणेही गुन्हा ठरवले, आणि १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर सोन्याच्या रूपात भरायला लावले.

यार्डातला, भुसावळ

उत्तर पटले, पण मग १९४० मध्ये अमेरिकेने, स्वतः युद्धात नसताना, ब्रिटनला ५० जुन्या विनाशिका कशा दिल्या?

जुना रोजमेळ, जळगाव

अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्यानुसार युद्धमान देशाला सोपवण्याच्या हेतूने बांधलेले किंवा सज्ज केलेले जहाज देशाबाहेर पाठवणे निषिद्ध होते. अटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन यांनी ‘हेतू’ या शब्दावरच बोट ठेवले: या विनाशिका बांधल्या तेव्हा असा हेतू नव्हता, म्हणून त्या देता येतील, सध्या बांधल्या जात असलेल्या टॉर्पेडो बोटी मात्र देता येणार नाहीत. माझ्या मते ही वकिली कसरत होती, कारण हेग कराराचे कलम ६ सरकारने स्वतः युद्धनौका देण्यास कोणत्याही रूपात मनाई करते, मग ती नवी असो वा जुनी.

गिरणाथडी, चाळीसगाव

याआधीची पळवाट याहून मजेशीर आहे. १९१४ मध्ये ब्रिटनने बेथलेहेम स्टीलकडे पाणबुड्यांची मागणी नोंदवली, अमेरिकन सरकारने हरकत घेतली, तेव्हा सुटे भाग कॅनडात नेऊन मॉन्ट्रियलला १० पाणबुड्या जोडण्यात आल्या. म्हणजे मळणी यंत्र सुटे करून नेले आणि खळ्यावर जोडले, तसाच प्रकार. अमेरिकेतच पूर्ण झालेल्या आणखी १० मात्र, अमेरिका युद्धात उतरेपर्यंत तिथेच अडकून पडल्या.

पांझराकाठ, धुळे

आभार. म्हणजे कलम ७ मालाविषयी आणि कलम ८ मोहिमेविषयी आहे, असे वाचायचे. सुट्या भागांचा माल नेमका कुठल्या क्षणी मोहीम होतो, हे मात्र परीक्षकालाच विचारावेसे वाटते.